विसापूर बघायचा कसा

लोणावळ्याजवळच्या मळवली स्टेशनवर पाठीला सॅक लावून उतरणारे बहुतेक लोक लोहगडाला जातात. उरलेले विसापूरला म्हणून निघतात खरे, पण त्यातले बरेचजण पावसाळ्यात पायऱ्यांवरून कोसळणाऱ्या पाण्यात तासभर भिजतात, फोटो काढतात, वर पोचल्यावर धुक्यात चार पावलं इकडेतिकडे करतात आणि माघारी फिरतात. गड बघायचा राहूनच जातो. तसा त्यांचाही फार दोष नाही. लोहगडावर एकामागून एक चार दरवाजे उभे आहेत, त्यामुळे किल्ल्यात शिरलो हे कोणी सांगावं लागत नाही. विसापूरला दरवाजाच उरलेला नाही. ढासळलेल्या दगडांवरून वर चढायचं, की समोर नुसता गवताळ माळ. काय बघायचं हे आधी ठरवलं नसेल तर ‘वर काहीच नाही’ असं म्हणतच माणूस खाली उतरतो.

वर भरपूर आहे. फक्त ते मोडलेलं आहे, आणि मुद्दाम मोडलेलं आहे. तेवढं डोक्यात ठेवून चढलं की दगड न् दगड बोलायला लागतो.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, मार्च १८१८च्या सुरुवातीला, लेफ्टनंट कर्नल प्रॉथरची फौज या दोन किल्ल्यांवर चालून आली. लोहगड जास्त नावाजलेला, जास्त मजबूत. पण प्रॉथरने आधी हात घातला तो विसापूरला. कारण साधं आहे: विसापूरचा माथा १०८४ मीटर उंच, लोहगडाचा १०३३ मीटर, आणि दोघांच्या मध्ये फक्त गायमुख खिंड. विसापूरवर तोफा चढल्या की लोहगडाच्या शिबंदीला, म्हणजे गडावरच्या सैनिकांना, डोक्यावरून मारा सोसावा लागणार. विसापूर गेल्यावर लोहगडही फारसा न लढता इंग्रजांच्या हाती आला. त्यानंतर विसापूरचे दोन्ही दरवाजे, कोकणाच्या अंगाचा आणि देशाच्या अंगाचा, सुरुंग लावून उडवले. असा उंचावरचा गड उद्या कुणा बंडवाल्याच्या हाती लागला तर पुन्हा तीच डोकेदुखी. लोहगडाचे दरवाजे मात्र शाबूत राहिले. आज एका खिंडीच्या दोन बाजूंना हे दोन नमुने समोरासमोर बघायला मिळतात, हीच या जोडीची खरी मजा. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात लोहगड आहे, विसापूर नाही. गर्दीच्या दृष्टीने ही विसापूरवर कृपाच म्हणायची.

बालाजी विश्वनाथांनी १७१३ नंतर हा किल्ला बांधला असं इंटरनेटवर जागोजागी लिहिलेलं सापडतं. ते जसंच्या तसं घेऊ नका. जून १६६५च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगाला जे २३ किल्ले दिले, त्यांच्या यादीत लोहगड, तुंग आणि तिकोना यांच्या जोडीने विसापूरही आहे. पेशवाईत इथे मोठी बांधकामं, डागडुजी झाली असेल, पण गड त्याहून जुना. वरची काही पाण्याची टाकी तर त्याहून कितीतरी जुनी. डोंगराच्या पोटात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली भाज्याची लेणी आहेत. कोकणातून बोरघाट चढून देशावर येणारा व्यापारी मार्ग या डोंगरांच्या पायथ्यातून जायचा. आधी लेणी आली, मग गड आले, आणि आता त्याच पट्ट्यातून रेल्वे आणि द्रुतगती मार्ग जातो. वाट एकच, राखणारे बदलत गेले.

जायचं कसं

पुण्याहून लोणावळा लोकलने मळवली. लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन, अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, वेळ सव्वा तासाच्या आसपास. मळवलीला फक्त लोकल थांबते. मुंबईकरांनी एक्सप्रेसने लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने एक स्टेशन मागे यायचं. या लोकलचा स्वभाव मुंबईच्या लोकलसारखा नाही. त्या तासा-दीड तासाने येतात आणि भर दुपारी काही तास गाडीच नसते. म्हणून परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच बघून ठेवा, एक हवी असलेली आणि एक ती चुकली तर.

सकाळी सातच्या आसपास मळवलीला उतरलात तर दिवस पुरतो. स्टेशनमधून बाहेर पडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की पंचवीस-तीस मिनिटांत भाजे गाव. चहा-पोहे इथेच उरका, पाण्याच्या बाटल्या इथेच भरा. पुढे वळणावळणाचा गाडीरस्ता खिंडीकडे चढतो. तासभर, रमतगमत गेलात तर सव्वा तास. खिंडीत पोचलात की उजवीकडे लोहगडवाडी आणि लोहगड, डावीकडे रानात शिरणारी पायवाट विसापूरची. मळवलीपासून माथ्यापर्यंत एकूण चढ साडेचारशे मीटरच्या घरात आहे, पण त्यातला निम्म्याच्या आसपास तर डांबरी रस्त्यावरच संपतो.

स्वतःची गाडी थेट खिंडीच्या पुढे लोहगडवाडीपर्यंत जाते. शनिवार-रविवारी, त्यातून पावसाळ्यात, हा रस्ता न घेतलेला बरा. अरुंद वळणांवर समोरासमोर गाड्या अडकल्या की तास-दीड तास हलत नाहीत. गाडी भाज्यातच लावून चालत निघालेला माणूस त्यांच्या आधी वर पोचतो.

खिंडीतून निघालेली वाट सुरुवातीला जवळपास सपाट आहे. विसापूरचा कडा डावीकडे ठेवून झाडीतून जाते. लोक चुकतात ते इथेच. काही वेळाने वाटेला दोन फाटे फुटतात. सरळ जाणारी वाट जास्त मळलेली दिसते, कारण गुरं आणि गुराखी तीच वापरतात, आणि ती डोंगराला वळसा घालत भलतीकडे निघून जाते. आपण डावीकडे वळायचं. थोड्याच वेळात मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेला ओढा लागतो. पावसाळा सोडला तर तो कोरडाच असतो. त्या ओढ्यातूनच, म्हणजे नाळेतूनच, वर चढायचं. खिंड सोडून पाऊण तास झाला, तरी ओढा आला नाही आणि कडा आहे तेवढाच लांब आहे, असं वाटलं तर तुम्ही पुढे गेला आहात. ‘पुढे वाट मिळेल’ म्हणत रेटू नका. मागे येऊन फाटा शोधा.

नाळेतला चढ अवघड नाही, पण ढिले दगड फार. दोघांमध्ये अंतर ठेवून चढा, आणि शक्यतो सगळे एका रेषेत एकाखाली एक येऊ नका. वरच्याच्या पायाखालून सुटलेला नारळाएवढा दगड खालच्याच्या नडगीवर बसला की सहल तिथेच संपते. धोंड्यावर पाय ठेवण्याआधी एकदा दाबून बघायचा आणि हलला तर दुसरा घ्यायचा, एवढी सवय लावून घेतली तर काठीचीही गरज पडत नाही. वरच्या टप्प्यात खोदलेल्या, तुटलेल्या पायऱ्या दिसायला लागतात आणि मग एकदम उघडा माळ.

दुसरी वाट भाजे-पाटण बाजूने येते. रानातून चढून पायऱ्यांच्या घळीला लागते. पावसाळ्यातल्या सगळ्या व्हिडिओंमध्ये दिसते ती हीच. खालच्या झाडीत वाटांचं जाळं आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने गावातला माणूस सोबत घ्यावा आणि त्याला योग्य ते पैसे द्यावेत. दोन्ही वाटा करायच्या असतील तर माझं मत स्पष्ट आहे: चढताना पायऱ्या, उतरताना खिंड. ओल्या, झिजलेल्या पायऱ्या चढताना नजर आणि हात दोन्ही पुढे असतात. उतरताना तोल मागे जातो आणि घसरलेला माणूस खालच्या चौघांना घेऊन जातो. पहिल्यांदाच जात असाल तर चढ-उतार दोन्ही खिंडीतूनच करा.

वर पोचल्यावर

नाळेच्या तोंडाशी पोचलात की लगेच पुढे धावू नका. मागे वळा, जिथून वर आलात त्या जागेचा माथ्याकडून दिसेल असा फोटो घ्या, मोबाईलमध्ये जीपीएसची खूण करा. वरून ही घळ अजिबात ओळखू येत नाही. गवतात एक खळगा, तसे पन्नास खळगे माथ्यावर आहेत. चढताना जी जागा डोळ्यांत भरली होती ती उतरताना सापडत नाही, आणि मग लोक दिसेल त्या घळीत उतरायला लागतात. या दोन वाटांच्या घळी सोडल्या, तर विसापूरवरच्या बाकीच्या घळी कड्यावर जाऊन संपतात.

माथा प्रचंड आहे आणि सपाटही नाही. मधे टेकाडं आहेत, खोलगट भाग आहेत, त्यामुळे एका टोकावरून दुसरं टोक दिसत नाही. मधून चालायला गेलात तर गुडघाभर गवतात दिशा हरवते. यावर उपाय एकच: तटाची कड सोडायची नाही. देवळाची प्रदक्षिणा घालतो तसं तट डाव्या हाताला ठेवून फिरायला लागा, आत काही दिसलं की तेवढ्यापुरतं आत जा, बघा, परत तटाला या. सगळं नीट बघत अडीच-तीन तासांत फेरी पुरी होते. धुकं उतरलं तरी ही पद्धत चुकत नाही. पाच-दहा मीटरपलीकडचं दिसेनासं झालं तर तटाला हात लावून बसून राहा, वारा सुटला की धुकं फाटतं.

तट सगळीकडे सारखा नाही, हे पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात येईल. खाली सरळसोट कडा आहे तिथे तट जेमतेम कंबरेएवढा, कुठे नुसता दगडांचा बांध, तर कुठे तेवढाही नाही. तिथे कोण चढून येणार? जिथे कडा खचून उतार झालाय, घळ वर येते, तिथे मात्र तट एकदम उंच आणि जाड होतो, बुरूज पुढे येतो. फिरताना हा खेळ करून बघा: तट जाड झाला की कडेला जाऊन (जपून, पोटावर झोपून) खाली बघायचं, तिथे हमखास चढता येण्यासारखी जागा दिसते. बांधणाऱ्यांनी पैसा आणि दगड जिथे लागणार होता तिथेच घातला. सह्याद्रीतल्या बेसॉल्टचे थर आडवे असतात. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याचा उतार होतो. निम्मी तटबंदी निसर्गाची, उरलेली माणसाची.

तटाच्या आतल्या अंगाला चालायला रुंद पट्टी दिसेल, ती फांजी. पहारेकरी हिच्यावरून फिरायचे. तटात तिरक्या उतरत्या खाचा दिसतील त्या जंग्या. त्यांतून डोळा लावून बघा, प्रत्येकीचा रोख वेगळा असतो: एक दूरवर, एक थेट पायथ्याशी. बंदूक कुठे रोखली जायची हे दोनशे वर्षांनंतरही कळतं.

सांध्यात बोटाने चाचपून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. काही ठिकाणी दगड नुसते एकावर एक रचलेले आहेत, मधे काही नाही. काही ठिकाणी पांढरट, खरखरीत, दगडाइतकाच टणक चुना आहे. हा चुना जिथे दळला गेला तो घाणा गडावरच आहे, आणि माझ्या मते विसापूरवरची सगळ्यात बघण्यासारखी वस्तू तीच.

चुन्याचा घाणा

बरेचजण याला भीमाचं जातं वगैरे म्हणून फोटो काढून पुढे जातात. थांबून बघा. मोठं दगडी चाक आहे, मधोमध भोक आहे. चाक फिरायचं ती गोल दगडी पन्हळ. भोकात लाकडी दांडा अडकवायचा, दांड्याचं एक टोक पन्हळीच्या मध्यावर रोवलेल्या खुंट्याला, दुसरं बैलाच्या किंवा रेड्याच्या खांद्याला. जनावर गोल फिरतं, चाक पन्हळीतून उभं घरंगळतं आणि खालचं मिश्रण वाटलं जातं.

मिश्रण म्हणजे भट्टीत भाजलेली चुनखडी, पाण्यात विझवलेली, त्यात वाळू. चिकटपणासाठी गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर असं काहीबाही घालत. चाक इतका वेळ फिरवायचं कारण निव्वळ एकजीव करणं नाही. भाजलेल्या चुनखडीचा एखादा खडा आत न विझता राहिला आणि तसाच भिंतीत गेला, तर पुढच्या पावसाळ्यात ओल लागून तो तिथे विझतो, फुगतो आणि सांधा फोडतो. म्हणून चुना लोण्यासारखा होईपर्यंत दळायचा. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो, वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. सिमेंटने केलेली डागडुजी मात्र जुन्या तटाला मारक ठरते. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, भिंत आतून भिजून फुगते.

पन्हळीची आतली बाजू हाताने चाचपा. चाक घासून गुळगुळीत झालेला भाग आणि छिन्नीचे घाव जसेच्या तसे असलेला भाग वेगळा लागतो. आणि कृपा करून चाकावर उभं राहून फोटो काढू नका.

आता उलटा प्रश्न: एवढा टणक चुना, मग तट पडतोय कशाने? सुरुंगाने दरवाजे गेले. बाकीचं काम पिंपळ, उंबर आणि वड करतात. पक्ष्याच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, मूळ आत शिरतं, जाड होतं आणि दगड बाहेर ढकलतं. ‘दुर्गसंवर्धन’ म्हणून अशी रोपं उपटायची हौस अनेकांना असते. हातभर वाढलेलं झाड उपटलं की मुळासकट चार दगड निघतात आणि त्या खिंडारातून पाणी थेट भिंतीच्या पोटात जातं. हे काम जाणकारांचं आहे. बुंधा कापून, मूळ जागेवर मारून मगच सांधा भरतात.

पाणी, वाडे आणि तोफा

फेरीत पाण्याची खोदीव टाकी अनेक लागतील. टाकं म्हणजे फक्त पाण्याची सोय नव्हे, ती दगडाची खाणही. कातळात ओळीने खाचा पाडायच्या, त्यांत पाचरी ठोकायच्या, दगड फाटला की काढून तटाला लावायचा, आणि उरलेल्या खड्ड्यात पाणी साठवायचं. एका खर्चात दोन कामं. टाक्यांच्या काठावर किंवा जवळपासच्या कातळावर अशा चौकोनी खाचांच्या अर्धवट ओळी सापडतात, काम मधेच सोडून दिल्यासारख्या. काठावर गोल भोकं दिसली तर ती मांडवाच्या खांबांची. वर सावली केली की पाणी कमी आटतं आणि पालापाचोळा पडत नाही. टाक्याकडे येणारा कातळातला बारीक पाट शोधा. पाणी आधी छोट्या खळग्यात येतं, गाळ तिथे बसतो, मग पुढे जातं. एका टाक्यावर ब्राह्मी लेखही आहे. त्यावर पाणी ओतून किंवा खडू फिरवून अक्षरं ‘उठवायचा’ प्रयत्न करू नका. मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला की अक्षरांच्या सावल्या आपोआप उठतात.

हे पाणी पिऊ नका. नोव्हेंबरनंतर बहुतेक टाकी हिरवी होतात, गुरंही तिथेच पितात. माणशी तीन लिटर पाणी सोबत हवं, मार्चनंतर चार. वर दुकान नाही, टपरी नाही, सावली जवळजवळ नाही.

माथ्यावर दोन वाड्यांचे अवशेष आहेत. छप्पर केव्हाच गेलंय, भिंती आणि भोवतीच्या ओसरीच्या खुणा उरल्यात. पेशव्यांचा वाडा किंवा कचेरी म्हणून लोक दाखवतात. आजूबाजूला गवतात चौकोनी जोत्यांच्या रांगा दिसतील. तिथे शिबंदीची घरं होती. जोतं दगडाचं, वर मातीच्या भिंती आणि गवताचं छप्पर. माती वाहून गेली, जोतं राहिलं. डिसेंबरनंतर गवत वाळून पडलं की ही जोती स्वच्छ दिसतात. सप्टेंबरात त्यांच्यावर ठेच लागते, तेव्हाच ती आहेत हे कळतं. मारुती मात्र कुठल्याही ऋतूत चुकत नाही. पायऱ्यांच्या वाटेने आलात तर वर लगेच त्याचं देऊळ आहे, कातळात कोरलेला मोठा मारुती वेगळा. देवळाजवळ दोन गुहा आहेत, तीसएक माणसं मावतील एवढ्या. पावसाळ्यात त्यांत पाणी भरतं, तेव्हा ‘वर गुहेत राहू’ असा बेत आखून जाऊ नका.

तोफ दिसली की आधी तिच्या मध्याजवळच्या दोन्ही बाजू बघा. तोफ गाड्यावर टेकण्यासाठी तिथे दोन आडवे खुंट असतात, त्यांना तोफेचे कान म्हणतात. विसापूरच्या तोफांचे कान तोडलेले आहेत. कान नाहीत म्हणजे तोफ गाड्यावर बसत नाही आणि नळी वर-खाली करून नेम धरता येत नाही. एवढं वजन खाली उतरवण्यापेक्षा घणाचे दोन घाव स्वस्त पडले. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये इथल्या एका दहा फुटी लोखंडी तोफेची नोंद आहे. तिच्यावर ट्यूडर घराण्याचं गुलाबाचं फूल, मुकुट आणि बाजूला इंग्रजी ‘ई’, ‘आर’ अशी अक्षरं, म्हणजे तोफ पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली, सोळाव्या शतकातली. एखाद्या इंग्रजी जहाजावरून आंग्र्यांनी काढून घेतलेली असावी, किंवा पेशव्यांना नजर म्हणून आलेली, असा तर्क तिथेच केला आहे. मला आंग्र्यांची बाजू जास्त पटते, पण तो झाला माझा पक्षपात. एवढं खरं की इंग्रजांनी या गडावर निकामी केलेल्या तोफांमध्ये एक त्यांच्याच राणीची होती.

फेरीत दक्षिणेकडे आलात की खाली पवना धरणाचं पाणी, त्याच्या काठावर तुंग आणि तिकोना. पश्चिमेला समोर लोहगड, त्याच्या मागे निघालेला विंचूकाटा, म्हणजे लोहगडाची लांब, अरुंद माची. विंचूकाट्याचा आकार लोहगडावरून कळत नाही तेवढा इथून कळतो. आणि प्रॉथरने आधी विसापूरच का घेतला, हेही या कडेला उभं राहिलं की नकाशा न बघता समजतं.

कधी जावं, कधी टाळावं

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. सुरुवातीला सोनकीची पिवळी फुलं माळभर असतात, पण गवत उंच. डिसेंबर-जानेवारीत अवशेष सगळ्यात चांगले दिसतात. मार्चनंतर वणव्याची भीती. वाळलेल्या गवतात एक विडीचं थोटूक पुरतं, आणि माथ्यावर आग वाऱ्याबरोबर माणसापेक्षा वेगाने पळते. चूल पेटवू नका, डबा घेऊन जा.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मी गर्दी तेव्हाच येते. कड्यात फट असते तिथूनच वाट काढता येते, आणि पाणीही तिथूनच उतरतं. म्हणून पायऱ्यांची वाट म्हणजेच धबधबा. माथ्याचा केवढा तरी भाग त्या एका घळीत पाणी ओततो. तुम्ही घळीत असताना रिमझिम असेल, वर पंधरा मिनिटांपूर्वी कोसळून गेला असेल, तर ते पाणी आता येणार आहे. पाण्याचा रंग एकदम गढूळ झाला, किंवा पाचोळा आणि बारीक दगड यायला लागले, तर फोटो सोडून बाजूच्या उंच कातळावर चढा आणि ओघ उतरेपर्यंत तिथेच थांबा. पायरीच्या मधोमध शेवाळ कमी आणि ओघ जास्त, कडेला उलटं. म्हणून कडेने चढायचं, पण हाताने दगड धरून. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज इथे चालत नाहीत, खोल खाचांचे बूट हवेत. शिवाय जोराच्या पावसात जिल्हा प्रशासन मावळातल्या अशा जागांवर बंदीचे आदेश काढतं. निघण्याआधी बातम्या बघा, नाहीतर भाज्यातूनच परत यावं लागेल.

आग्या मोहोळं कड्यांवर असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, कड्याकडे दगड मारू नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न हलवता चेहरा झाकून तिथून दूर व्हा. गवतात फुरसं असतं, आकाराने लहान, रंग मातीचा, वाळक्या गवतावर अजिबात दिसत नाही. दगड उचलण्याआधी काठीने हलवा, टाक्याच्या काठावर बसण्याआधी बघा. चावलंच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. तो भाग हलू न देता माणसाला उचलून खाली न्या आणि १०८ला फोन करा. कड्यात कोणी अडकलं तर लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र हे बचाव पथक या भागात काम करतं. मोबाईलची रेंज माथ्यावर तुकड्यातुकड्याने मिळते, उत्तरेच्या, म्हणजे द्रुतगती मार्गाच्या बाजूला जास्त.

उतरताना

दुपारी दीडच्या आत उतरायला लागा. नाळ उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, कधीकधी जास्त, कारण गुडघे आणि ढिले दगड दोन्ही तेव्हाच त्रास देतात. पायऱ्यांच्या बाजूने चढला असाल तर नाळेचं तोंड शोधायला अर्धा तास हाताशी ठेवा. समोर लोहगड ठेवून तटाच्या कडेने गेलात तर सापडतं.

खिंडीतून डांबरी रस्त्याने भाज्यात येईपर्यंत साडेतीन होतात, आणि लेणी बघायची वेळ नेमकी तीच. लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी आत अंधार असतो, दुपार कलली की ऊन थेट चैत्यगृहात शिरतं आणि कमानीच्या छताला असलेल्या लाकडी फासळ्या एकेक करून मोजता येतात. ते लाकूड दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. एकूण २२ लेणी, नाममात्र तिकीट, सूर्यास्ताच्या आत बंद. तासभर पुरतो. शेजारी चौदा स्तूपांचा समूह आहे आणि दक्षिणेच्या टोकाच्या विहारात सूर्य-इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं. दमलेले लोक चैत्यगृहावरूनच मागे फिरतात, तुम्ही फिरू नका. भाज्यातून स्टेशन अर्ध्या तासावर, आणि तिकीट खिडकीवर रविवारी संध्याकाळी रांग असते, म्हणून परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा.